शेंड्यावरची एक पेशी: नेचे वाढतात कसे आणि त्यांना फुटवे येतात कुठून

शेवंतीचा शेंडा खुडला की थोड्याच दिवसांत खालून दोन-तीन फुटवे येतात आणि झाड डेरेदार होते. बागकामाची आवड असलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. तोच माणूस कुंडीत नेचा, म्हणजे फर्न, लावतो. झुपका दाट व्हावा म्हणून त्याच्या लांब हिरव्या ‘फांद्यांचे’ शेंडे खुडतो आणि वाट बघत बसतो. काहीच फुटत नाही. खुडलेली फांदी बोडकी राहते, कडेने तपकिरी पडते आणि शेवटी वाळून जाते.

असे का होते? कारण ज्याला आपण फांदी समजलो ते पान होते. नेच्याचा खरा शेंडा बहुतेक वेळा मातीत किंवा मातीलगत, तपकिरी खवल्यांखाली दडलेला असतो. त्याच्या अगदी टोकावर, बहुतेक नेच्यांमध्ये, एकच एक पेशी बसलेली असते. पाने, खोड, पुढच्या फांद्या, सगळ्यांची वंशावळ मागे नेत गेलो तर याच पेशीपाशी येऊन थांबते. ही पेशी काय करते, तिच्यावर कितपत भिस्त असते आणि तिच्यापासून नवी फांदी कशी निघते, हे समजले की नेच्याचे सगळे वागणे उलगडते.

## आधी खोड शोधू या

नेच्याचे पान मोठे आणि बारीक चिरलेले असते. मधला दांडा हा त्या पानाचा देठ आणि मध्यशीर, आणि दोन्ही बाजूंची ‘छोटी पाने’ म्हणजे त्याच एका पानाच्या पर्णिका. व्हायोलिनच्या टोकासारखा गुंडाळलेला जो कोवळा कोंब सगळ्यांना आवडतो, तोही कोंब नसून उमलू लागलेले पान आहे. ‘कोंब’ हा शब्द तोंडात इतका बसलाय की मीही तो सोडू शकत नाही, पण या लेखापुरते आपण काटेकोर राहू.

खोड पाहायचे तर पाने जिथून निघतात तिथे जायचे. बहुतेक नेच्यांचे खोड आडवे सरपटते. पुस्तकात त्याला मूलक्षोड म्हणतात, आपण ‘आडवे खोड’ म्हणू. कुंडीतल्या नेच्याची माती बोटाने जराशी बाजूला करा आणि खोडाच्या टोकावरचे खवले चिमट्याने अलगद उचला. बाहेरच्या बाजूला उमलायला आलेले, अंगठ्याएवढे गुंडाळलेले पान दिसेल. त्याच्या आत मण्याएवढे, मग टाचणीच्या डोक्याएवढे, मग नुसता फुगवटा. प्रत्येक पान आधीच्यापेक्षा लहान आणि वयाने तरुण. या सगळ्यांच्या मधोमध, भिंग लावले तर, एक ओलसर चमकणारा घुमट दिसतो. तो म्हणजे शेंडा. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला सर्वांत जास्त नवल वाटले ते त्या रांगेचे. पुढे उमलायची पाने वयाप्रमाणे ओळीने लावून ठेवली होती. काही नेच्यांमध्ये एक पान फुगवट्यापासून पूर्ण उमलेपर्यंत काही वर्षे घेते, म्हणजे यंदा उघडणाऱ्या पानाची सुरुवात आधीच्या कुठल्या तरी हंगामात झालेली असते.

खोड नेहमीच आडवे असते असे नाही. वृक्षनेच्यांमध्ये ते उभे राहते आणि काही जातींत २० मीटरपर्यंत चढते. उलट लायगोडियम या वेलीसारख्या नेच्यात जे वळसे घेत झाडावर चढते ते खोड नव्हेच. ती एकाच पानाची मध्यशीर असते, टोकाने वाढतच राहणारी, कित्येक मीटर लांब. नेच्यांच्या सुमारे १०,५०० जाती ज्ञात आहेत, आणि पानाला खोड किंवा खोडाला मूळ समजण्याची चूक यांपैकी बऱ्याच जातींच्या बाबतीत होऊ शकते.

शेंड्यावरच्या त्या घुमटाला विभाजी ऊती म्हणतात: जिथल्या पेशी अजून कुठल्याच कामाला लागलेल्या नाहीत आणि विभागत राहतात असा गट. एवढी एक संज्ञा लक्षात ठेवली की पुरे.

## तीन कडांचा भोवरा

विभाजी ऊती सगळ्याच वनस्पतींना असते. फुलझाडांच्या शेंड्यात मात्र अनेक मूळ पेशी मिळून हे काम करतात, आणि त्यांचे वरचे एक-दोन थर व आतला गाभा वेगवेगळे वाढतात. नेच्यांच्या बहुसंख्य जातींमध्ये घुमटाच्या माथ्यावर एकच मोठी पेशी उठून दिसते. तिला अग्रपेशी म्हणू. वनस्पतींच्या टोकाशी अशी एकच पेशी असू शकते हे कार्ल नेगेली या स्विस शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात दाखवले. पेशी म्हणजे काय यावरच तेव्हा वाद चालले होते, हे ध्यानात घेतले तर त्या निरीक्षणाचे मोल कळते.

आता या पेशीचा आकार डोळ्यांसमोर आणा. लाकडी भोवरा घ्या, पण गोल नव्हे, तीन सपाट बाजूंचा. त्याची आर खाली, खोडाच्या आत. वरचा त्रिकोणी चेहरा बाहेर, मोकळ्या हवेकडे. ही पेशी विभागते तेव्हा नवी भिंत तीन आतल्या बाजूंपैकी एकीला समांतर पडते. म्हणजे भोवऱ्याच्या एका बाजूची एक चपटी चकती सुटी होते, आणि उरलेला भाग पुन्हा वाढून पहिल्याएवढा, पहिल्याच आकाराचा होतो. पुढच्या वेळी चकती दुसऱ्या बाजूने निघते, मग तिसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. सतत गोल फिरत. वरून पाहिले तर मध्ये त्रिकोण आणि त्याच्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे खंड दिसतात. सर्वांत वरची पायरी सर्वांत नवी.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर अग्रपेशी मुद्दल शाबूत ठेवून व्याज देत राहते. सुटा झालेला प्रत्येक खंड पुढे स्वतः विभागतो. त्याच्या बाहेरच्या भागातून खोडाची साल आणि पाने येतात, आतल्या भागातून गाभा आणि पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या. पान सुरू होताना घुमटाच्या उतारावरच्या काही पेशी फुगतात, आणि थोड्याच काळात त्या पानालाही स्वतःची अग्रपेशी मिळते. ती बहुधा दोनच बाजूंनी खंड देते, म्हणून पान चपटे होते. पाण्यावर तरंगणारे अझोला आणि साल्व्हिनिया यांच्या तर खोडाची अग्रपेशीही दोन बाजूंचीच असते.

खोडाभोवती पाने ज्या गोल फिरत जाणाऱ्या क्रमाने लागतात तो क्रम म्हणजे या जिन्याचाच क्रम असावा, असे कुणालाही वाटेल. काही नेच्यांत एका खंडाला एक पान असा हिशेब जुळतोही. बऱ्याच जातींत तो जुळत नाही, अग्रपेशी एका दिशेने फिरते आणि पानांचा क्रम उलट्या दिशेने जातो असेही आढळते. विटा रचण्याचा क्रम आणि खिडक्या कुठे ठेवायच्या याचा आराखडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे जे येणार आहे त्याची चाहूल इथेच लागते.

## ती पेशी खरेच काम करते का?

हा प्रश्न थट्टेचा नाही, यावर गंभीर वाद झाला. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये रॉजर ब्यूव्हा यांनी मांडले की शेंड्याचा अगदी माथा बहुतांश काळ स्वस्थ असतो आणि खरे विभाजन त्याच्या कडेच्या पट्ट्यात चालते. हा विचार पुढे नेच्यांनाही लावला गेला. लहानपणी अग्रपेशी विभागते, पण रोप मोठे झाले की ती नुसती बसून राहते, असे काही अभ्यासकांचे म्हणणे पडले.

अमेरिकेतले अर्नेस्ट गिफर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी यावर घेतलेली मेहनत मला फार मोलाची वाटते. त्यांनी अनेक शेंडे कापून, काचपट्टीवर पसरून, विभागत असलेल्या पेशी मोजल्या, त्यांच्या केंद्रकांतला डीएनए मोजला. १९७९ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला: अग्रपेशी जिवंत आणि कामात आहे, विभागते आहे, खोडाच्या आणि मुळाच्या घडणीत तिचा वाटा खरा आहे. ती सावकाश विभागते हे मात्र खरे, आणि तेवढे पुरेसे असते. एक खंड सुटला की त्याच्या पेशी पुढे कितीतरी वेळा दुप्पट होतात, त्यामुळे मूळ पेशीने घाई करण्याचे कारणच नाही.

## मग सगळा कारभार तिच्याच हातात?

एक पेशी, माथ्यावर, सगळ्यांची आई. साहजिकच आपल्याला वाटते की हुकूमही तीच देत असणार. मँचेस्टरचे क्लॉड वॉर्डलॉ यांनी १९४० च्या दशकात हे थेट तपासून पाहिले. ड्रायॉप्टेरिस या नेच्याचा शेंडा उघडा करून, सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक पात्याने त्यांनी शस्त्रक्रिया केल्या.

एका प्रयोगात त्यांनी घुमटाच्या चारी बाजूंनी उभे छेद घेतले. आता तो घुमट खालच्या पानांपासून आणि नळ्यांपासून तुटला होता, फक्त मऊ गाभ्याच्या खांबावर उभा होता. तरीही तो वाढत राहिला आणि नवी पाने देत राहिला. म्हणजे पाने घडवण्याचे सामर्थ्य घुमटाचे स्वतःचे आहे, खालून येणाऱ्या आज्ञेचे नव्हे.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी सुईने फक्त अग्रपेशी टोचून मारली. कारभार तिच्याच हाती असता तर सगळे तिथल्या तिथे थांबायला हवे होते. तसे झाले नाही. आधी सुरू झालेली पाने वाढत राहिली, उतारावर काही काळ नवीही आली. मात्र शेंड्याची पुढची वाढ खुंटली, आणि मग आजूबाजूला नवे डोळे फुटू लागले. (डोळा म्हणजे शेतकरी म्हणतात तोच, कळी धरण्याआधीचा कोंबाचा ठिपका.)

हे वाचून माझ्या मनात अग्रपेशीचे चित्र बदलले. ती घराण्याचा मूळ पुरुष आहे, घरातली कर्ती नव्हे. पाने कुठे यायची हे घुमटातल्या पेशी एकमेकींशी बोलून ठरवतात, आणि अग्रपेशी त्यांना माणसे पुरवते. तिच्या असण्याने आणखी एक गोष्ट होते: जवळपास दुसरी अग्रपेशी उभी राहत नाही. ती गेली की हा दबाव उठतो.

पेशी बोलतात कशा? त्यांच्या भिंतींना आरपार अतिसूक्ष्म बोळ असतात, त्यांतून रसायने इकडून तिकडे जातात. नेच्यांमध्ये हे बोळ मुख्यतः भिंत तयार होतानाच पडतात, नंतर नव्याने फारसे पाडले जात नाहीत. म्हणून एकाच पेशीपासून सगळे निघणे सोयीचे ठरते: प्रत्येक नवी भिंत जन्मतःच बोळांनी भरून घेता येते. फुलझाडांच्या पेशी जुन्या भिंतींतही नवे बोळ पाडू शकतात, त्यामुळे त्यांना एकाच मूळ पेशीची गरज उरत नाही. बोळ कमी पडले की काय होते ते ब्रायन गनिंग यांनी १९७८ च्या सुमारास अझोलाच्या मुळांत पाहिले. तिथली अग्रपेशी सुमारे ५५ वेळा विभागते आणि मग थांबते. वय वाढते तसे तिच्या नव्या भिंतींतले बोळ कमी कमी होत जातात, जणू ती हळूहळू बाकीच्यांपासून तुटत जाते, आणि मुळाची लांबी तिथेच संपते.

## फांदी कुठून निघते?

आता मूळ प्रश्नाकडे. फुलझाडांत नियम सोपा आहे: प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्सिन हे संप्रेरक त्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा खुडला की झोप उडते. शेवंती डेरेदार होते ती अशी.

नेच्यांना हा बेचक्याचा नियम बहुधा लागू नाही. पातळ, पारदर्शक पानांच्या नेच्यांच्या कुळात पानाच्या बेचक्यात डोळे असतात, पण ती अपवादाची बाजू. बाकीच्यांच्या वाटा अनेक आहेत.

सर्वांत जुनी वाट म्हणजे शेंडाच दुभंगणे. खोड वाढत असते आणि एका ठिकाणी इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन होते. हे उघड्यावर पाहायचे असेल तर सायलोटम शोधा. हा मुळे नसलेला, जवळजवळ पाने नसलेला नेचा, हिरव्या काड्यांच्या झाडूसारखा उभा असतो, आणि त्याची प्रत्येक काडी पुन्हा पुन्हा दोन होत जाते. दुभंगताना अग्रपेशी मधोमध चिरली जाऊन दोन समान अग्रपेशी होत असतील, अशी आपली सहज कल्पना असते. तीन बाजूंचा भोवरा उभा चिरून दोन तसेच भोवरे मिळत नाहीत हे कागदावर काढून पाहिले तरी कळते. प्रत्यक्षात एक तर जुनी अग्रपेशी आपला आकार गमावते आणि तिच्या आसपास दोन नव्या उभ्या राहतात, किंवा जुनी तशीच राहते आणि थोड्या अंतरावर, घुमटाच्या पेशींतून, दुसरी घडते. मधल्या पेशी मग विभाजन सोडून मोठ्या होऊ लागतात, दोन टोकांत खोगिरासारखा खोलगट भाग तयार होतो आणि टोके दूर सरकतात. दोन्ही सारखी वाढली तर समान काटा दिसतो, एक मागे पडले तर मुख्य खोडाला बाजूची फांदी फुटली असे वाटते. बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून आतले घडणे ओळखता येत नाही, म्हणून या विषयात शेंड्यांचे काप करून पाहण्याला पर्याय नाही.

दुसरी वाट बाजूच्या डोळ्यांची. शेंड्याने पुढे जाताना मागे, कडेला, विभाजी पेशींचे छोटे तुकडे ठेवून दिलेले असतात. वॉर्डलॉ यांनी मॅट्यूशिया आणि ओनोक्लिया या नेच्यांत दाखवले की ते वर्षानुवर्षे पडून राहू शकतात आणि मुख्य शेंडा काढून टाकला की जागे होतात. म्हणजे शेवंतीचे तत्त्व इथेही आहे, पण खुडायचा तो शेंडा खोडाचा हवा, पानाचा नव्हे. ड्रायॉप्टेरिसमध्ये बाजूचे डोळे पानाच्या देठाच्या तळाशी, पाठच्या बाजूला असतात, बेचक्याच्या नेमके उलट.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते, कारण तिथे नियमच उरत नाहीत. चालत्या नेच्याच्या, म्हणजे एस्प्लेनियम रायझोफायलमच्या, लांब पानाचे टोक जमिनीला टेकले की तिथे मुळे आणि नवे रोप येते. रोप पुन्हा पान टाकते, पान पुन्हा टेकते. एस्प्लेनियम बल्बिफेरमच्या पानांवर तर बाळरोपे सगळीकडे उगवतात आणि गळून रुजतात. हरणाच्या शिंगांसारख्या पानांचा प्लॅटिसेरियम आणखी पुढे जातो: त्याच्या मुळाचे टोकच कोंबात बदलू शकते. नेफ्रोलेपिस ही कुंड्यांत सर्वांत जास्त दिसणारी जात, ती खोडातून पाने नसलेल्या दोऱ्या सोडते आणि त्या जिथे टेकतात तिथे नवा झुपका होतो.

## पान आणि फांदी यांच्यातली सीमा

हे सगळे पाहून मनात येते: पानाच्या टोकावरून रोप कसे निघू शकते? गुलाबाच्या पानातून असे काही निघत नाही.

उत्तर पुन्हा शस्त्रक्रियेतून आले. वॉर्डलॉ आणि नंतर एलिझाबेथ कटर यांनी, घुमटाच्या उतारावर पान जिथे यायचे होते ती जागा आणि माथा यांच्यामध्ये खोल छेद घेतला. माथ्यापासून तुटल्यावर त्या जागी पानाऐवजी डोळा आला, म्हणजे आख्खी नवी फांदी. टेलर स्टीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत सिनॅमन फर्नच्या शेंड्यावरची कोवळी पाने एकेक सुटी करून पोषक द्रावणात वाढवली. सर्वांत लहान फुगवटे बहुधा पूर्ण रोपे झाले. जरा मोठी पाने पानेच झाली, आकाराने चिमुकली, पण पूर्ण. याचा अर्थ, उगवतानाच्या फुगवट्याने आपण कोण व्हायचे ते अजून ठरवलेले नसते. ते त्याला शेजारी सांगतात, आणि काही काळाने गोष्ट पक्की होते.

ही अनिश्चितता का, हे समजायला खूप मागे जावे लागते. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळ १९१२ मध्ये विल्यम मॅकी यांना गारगोटीसारख्या दगडात गोठलेल्या वनस्पती सापडल्या. त्यांचे वय सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षे. त्या इतक्या सुरक्षित आहेत की पेशी मोजता येतात. त्यांतल्या रायनियासारख्या वनस्पतींना पाने नाहीत, नुसत्या दुभंगत जाणाऱ्या हिरव्या काड्या. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर झिमरमन यांनी १९३० मध्ये मांडले की नेच्यांची आणि बीजधारी वनस्पतींची पाने अशा काड्यांच्या समूहापासूनच झाली: एक काडी दुसरीवर मात करून पुढे गेली, मागे पडलेल्या बाजूच्या काड्या एका पातळीत आल्या, आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा भरला गेला. म्हणजे पान ही एके काळची फांदीच. नेच्याचे पान टोकाला स्वतःची अग्रपेशी बाळगते, लायगोडियममध्ये वाढतच राहते, एस्प्लेनियममध्ये रोप देते, हे त्या जुन्या नात्याशी चांगले जुळते.

## जनुके काय सांगतात

या विषयातला नवा भाग इथे आहे, आणि तो उशिरा आला याला कारण आहे. नेच्यांचे जनुकसंच, म्हणजे एका पेशीतला सगळा डीएनए, अवाढव्य असतात. टेमेसिप्टेरिस नावाच्या एका नेच्याचा जनुकसंच डीएनएच्या १६० अब्ज अक्षरांचा असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, आतापर्यंत मोजलेल्यांत सर्वांत मोठा. माणसाचा सुमारे ३ अब्ज आहे. प्रयोगशाळेत भरभर वाढणारा सेराटॉप्टेरिस रिचर्डी हा त्यामानाने हाताळण्याजोगा, त्याचाही जनुकसंच २०२२ मध्येच प्रसिद्ध झाला.

सेराटॉप्टेरिसवरचे एक काम मात्र त्याआधीचे. फुलझाडांत लीफी नावाचे जनुक कळीला ‘आता फूल हो’ असे सांगते. नेच्यांना फुले नाहीत, मग हे जनुक त्यांच्यात करते काय? ऑक्सफर्डच्या जेन लँगडेल यांच्यासह एका गटाने २०१८ मध्ये ते सेराटॉप्टेरिसमध्ये दाबून पाहिले. शेंड्याची अग्रपेशी टिकेना, वाढ मध्येच थांबू लागली. बीजाणूपासून, म्हणजे नेच्याला बीऐवजी असणाऱ्या सूक्ष्म कणापासून, उगवणाऱ्या पातळ, हृदयाच्या आकाराच्या रोपट्यातही तसेच झाले. म्हणजे फुलांशी ज्याचे नाव जोडले गेले त्या जनुकाचे नेच्यांमधले काम शेंडा चालू ठेवण्याचे आहे, आणि फुलांचे काम त्याच्याकडे पुढे कधी तरी आले असावे.

## एकाच पेशीवर भिस्त ठेवणे धोक्याचे नाही का?

आहे, एका अर्थाने. फुलझाडाच्या शेंड्यात अनेक मूळ पेशी असल्याने एखादीत डीएनएचा बिघाड झाला तरी निरोगी शेजारणी तिला मागे टाकू शकतात. नेच्याच्या अग्रपेशीत बिघाड झाला आणि ती जगली, तर त्यापुढचे सगळे खोड, सगळी पाने, सगळे बीजाणू बदललेले. लपायला जागा नाही.

याच दुबळेपणाचा एका माणसाने उपयोग करून घेतला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये कागद प्रक्रियेच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या नदीकाठी रॉयल फर्न वाढत होते. एडवर्ड क्लेकोव्स्की यांनी १९७० च्या दशकात त्यांच्यातले गुणसूत्रांचे बिघाड तपासून, पाण्यात डीएनएला इजा करणारे काही आहे का हे ओळखण्याची रीत दाखवली. नेचा जागचा हलत नाही, वर्षानुवर्षे तेच पाणी पितो, आणि शेंड्यावर झालेली इजा पुढच्या वाढीत जपून ठेवतो.

आपत्तीला तोंड द्यायची सोय मात्र नेच्यांकडे आहेच, ती आपण वर पाहिली. मेलेल्या अग्रपेशीच्या आसपास नवी उभी राहते, मागे ठेवलेले डोळे जागे होतात. ज्यांना ही सोय नाही ते बहुतेक वृक्षनेचे: एकच उभे खोड, एकच शेंडा, बाजूला फांद्या नाहीत.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो, की एकच अग्रपेशी म्हणजे जुनाट, अपुरी रचना, आणि अनेक पेशींचा शेंडा ही सुधारणा. वंशवृक्ष तसे सांगत नाही. नेच्यांहूनही आधी वेगळ्या झालेल्या लायकोपोडियम या वनस्पतीच्या शेंड्यात अनेक मूळ पेशी आहेत, आणि नेच्यांतल्याच मॅराटिया गटातही अनेक. शिवाय आज दिसणाऱ्या नेच्यांपैकी बऱ्याच कुळांचा विस्तार फुलझाडे पसरल्यानंतर, त्यांच्या सावलीत झाला, असे २००४ मध्ये जीवाश्म आणि डीएनए जुळवून दाखवले गेले.

## कात्री घेण्याआधी

आता कुंडीकडे परत येऊ. झुपका दाट हवा असेल तर पानांचे शेंडे खुडून काही मिळणार नाही. आडवे खोड वाटून घ्यायचे. प्रत्येक तुकड्यावर निदान एक जिवंत शेंडा, काही पाने आणि थोडी मुळे हवीत. शेंडा ओळखायची खूण वर सांगितलीच आहे: दाट खवले आणि त्यांच्यात वयाप्रमाणे लहान होत गेलेली गुंडाळलेली पाने. लावताना तो मातीत खोल पुरायचा नाही, नाहीतर कुजतो. आडव्या खोडाच्या जातीत तो ज्या दिशेला जातो आहे तिकडे कुंडीत जागा ठेवायची. नेफ्रोलेपिसच्या दोऱ्या कापून टाकण्याऐवजी शेजारच्या कुंडीतल्या मातीवर टेकवायच्या.

हाच हिशेब उलट बाजूने ब्रॅकनला लागू होतो. हा नेचा कुरणांत माजतो, आणि कापला की पुन्हा येतो, कारण कापली जातात ती पाने. शेंडे आणि झोपलेले डोळे जमिनीखालच्या लांबलचक खोडावर सुरक्षित असतात, आणि एकाच रोपाचे जाळे शेकडो मीटर पसरलेले आढळले आहे. म्हणून त्याला आवरणारे लोक एकाच हंगामात पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे कापत राहतात, खोडातला अन्नसाठा संपेपर्यंत.

आणि वृक्षनेचा असेल तर त्याच्या माथ्याला हात लावू नका. खालची वाळलेली पाने काढली तरी चालते, पण वर मधोमध केसाळ, गुंडाळलेल्या पानांचा जो गुच्छ असतो त्याच्या आत त्याचा एकुलता एक शेंडा आहे.